पेटीवरच्या छाप्यासारखी अक्षरं हवी आहेत? मग हे आधी वाचा

फेब्रुवारी लागला की रत्नागिरी ते मालवण कुठल्याही डीटीपीवाल्याकडे एक गिऱ्हाईक ठरलेलं असतं. "जुन्या आंब्याच्या पेटीवर असायची ना, तशी अक्षरं द्या. जाड, मधेमधे तुटलेली, रंग उडालेली." मागणारा कधी बागायतदार असतो, कधी नवीन होमस्टे काढलेला, कधी कबड्डी मंडळाचा कार्यकर्ता. पाहिजे असतं सगळ्यांना एकच, आणि बऱ्याचदा हाती पडतं ते दहा फुटांवरून वाचता येत नाही. कारण इंग्रजी अक्षरांवर चालणारी युक्ती देवनागरीवर तशीच लावलेली असते, शिरोरेषेचा विचार न करता.

हा लेख पहिल्यांदाच असं काम करणाऱ्यांसाठी आहे. स्वतः करा किंवा कोणाकडून करून घ्या, क्रम हाच ठेवा.

थोडं मूळ सांगतो, पुढे उपयोगी पडेल. स्टेन्सिलचं, म्हणजे कापलेल्या साच्यावरून रंग मारून उमटवलेलं अक्षर तुटतं ते शोभेसाठी नाही. पत्र्यात इंग्रजी ओ कापला की मधला गोल गळून पडतो. तो धरून ठेवायला दोन बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. पेट्या, गोण्या, पिंपं, रेल्वेच्या वाघिणी यांच्यावर असंच मारलं जायचं. १९३७ साली अमेरिकेत या वळणाचे छपाईचे दोन टाइप आले. एक अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी गेरी पॉवेल यांचा, दुसरा लडलो कंपनीसाठी रॉबर्ट हंटर मिडलटन यांचा. दोन्हींचं नाव स्टेन्सिलच, आणि दोन्हींत फक्त कॅपिटल अक्षरं. रंग उडाल्याचा, खरवडल्याचा जो भाग आज आपण मागतो, तो नंतर चढवलेला साज आहे. म्हणजे कामं दोन आहेत: आधी सांधे (मधला तुकडा धरून ठेवणाऱ्या त्या पट्ट्या), मग झीज. उलट केलंत की फसलात.

१. अक्षरं खरंच कापायची आहेत, की नुसती तशी दिसायला हवीत?

हे पहिल्या दिवशी ठरवा. लाकडी पेटी, भिंत, गोणपाट यांवर साचा ठेवून रंग मारायचा असेल, तर प्रत्येक सांधा खरा हवा. एक विसरला तर 'व'च्या पोटातला तुकडा हातात येतो. टी-शर्ट, बॅनर, खोक्यावरची छपाई, इन्स्टाग्रामची पोस्ट असेल तर सांधे नुसते दिसण्यापुरते, तिथे थोडी मोकळीक घेता येते.

दोन्ही लागणार असतील तर आधी कापण्याजोगी आवृत्ती करा. तिच्यावरून छपाईची सहज होते. उलट्या दिशेने गेलात तर सगळं पुन्हा बांधावं लागतं.

२. सामान जमवा

- इंकस्केप (फुकट आहे, देवनागरी जोडाक्षरं नीट दाखवतं) किंवा कोरल. कोरलची जुनी आवृत्ती असेल तर 'क्ष', 'त्र', 'र्‍या' आधी टाइप करून बघा. फुटत असतील तर त्यात काम करू नका.
- युनिकोड फाँट. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर कचरा होऊन उघडतो, तेव्हा मजकूर युनिकोडमध्येच मागा.
- साच्यासाठी जाड ओएचपी शीट किंवा मायलार (दोन्ही प्लास्टिकच्या पारदर्शक शीट). जुनी एक्स-रे फिल्म धुऊन घेतली तर तीही उत्तम चालते. वर्षानुवर्षं वापरायचा मार्का असेल तर पातळ पत्रा.
- पेपर कटर आणि भरपूर पाती. बोथट पात्याने 'ळ' कापायला बसू नका.
- आखूड, ताठ केसांचा ब्रश किंवा स्पंज, ऑइल पेंट, जुनी वर्तमानपत्रं, मास्किंग टेप.
- पॉलिश पेपर आणि स्कॅनर. हे झिजेसाठी, पुढे येईल.

३. फाँट निवडताना जाडीला भुलू नका

तयार देवनागरी स्टेन्सिल फाँट फार कमी आहेत. शोधण्यात आठवडा घालवण्यापेक्षा चांगला ठळक फाँट घ्या आणि सांधे स्वतः पाडा.

फाँट बघताना अक्षराच्या पोटातली जागा बघा. 'मोदक' दिसायला गोंडस आहे, पण त्याच्या अक्षरांचं पोट भरत आलेलं. आत नुसती रेघ उरते. सांधा कुठे पाडणार? 'बलू' गोलसर, मऊ आहे, त्याला पेटीचा रांगडेपणा येत नाही. माझी पसंती 'टेको' आणि 'खंड' यांना. दोन्ही इंडियन टाइप फाउंड्रीचे, अरुंद आणि सरळ उभ्या बाजूंचे. पेटीच्या अरुंद तोंडावर 'देवगड हापूस' एका ओळीत बसतं. साधं, शांत काम हवं तर 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता', ठळक वजनात.

हे सगळे गूगल फाँट्सवर ओपन फाँट लायसन्सखाली मिळतात. व्यवसायात वापरा, अक्षरं तोडा, मोडा, लोगो करा, हरकत नाही. फाँट सुटा विकता येत नाही एवढंच. खरी फसगत होते ती इंग्रजी शब्दासाठी कुठूनतरी उतरवलेल्या फुकट 'ग्रंज स्टेन्सिल' (आधीच झिजवलेल्या) फाँटमध्ये. त्यातल्या बऱ्याच फाँटसोबतच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: फक्त वैयक्तिक वापरासाठी. आंब्याच्या खोक्यावर छापलं की तो वापर वैयक्तिक राहत नाही. तो कागद वाचा, पैसे भरायचे असतील तर भरा, आणि पावती जपून ठेवा.

४. सांधे पाडा: इथे घाई नको

सबंध लेखातलं महत्त्वाचं काम हेच.

आधी कुठल्या अक्षरांचं पोट बंद आहे ते ओळखा. क, ख, घ, च, छ, ठ, ढ, ण, प, फ, ब, म, य, व, ष, स, ळ: या सगळ्यांत मधला तुकडा सुटून पडतो. यातल्या निम्म्यांचं पोट वरून शिरोरेषेनेच बंद केलेलं असतं, इंग्रजीत हा प्रश्नच नसतो. ग, त, न, र, ल, ज, ट मोकळे आहेत. वेलांटीची कमान मात्र शिरोरेषेवर टेकते, त्यामुळे तिच्याखालीही एक तुकडा अडकतो. म्हणून 'रत्नागिरी'त दोन वेलांट्या सांभाळल्या की सुटलात, आणि 'मालवण'मध्ये चारपैकी तीन अक्षरं हात धरायला लावतात.

आता शिरोरेषा. सगळा शब्द एका सलग रेषेत कापला तर साच्यात एक लांबच लांब फट तयार होते. शीट मधोमध लोंबकळते, ब्रश लागला की उचलली जाते, आणि रंग खाली पसरतो. म्हणून शिरोरेषा अक्षराअक्षरामधे तोडायची. पण कुठे? दोन अक्षरांच्या मधल्या रिकाम्या जागी, अक्षराच्या डोक्यावर नाही.

कारण डोक्यावर तोडलीत तर अक्षरच बदलतं. 'म'ची डावीकडची शिरोरेषा तुटली की तो 'भ' वाटतो, 'घ'चा 'ध' होतो, 'य'चा 'थ'. 'घरकुल' नावाच्या होमस्टेची पाटी 'धरकुल' वाचली जाते आणि पाहुणे फोन करून विचारतात. या तीन अक्षरांना सांधा खाली द्या, आडवी रेघ दंडाला (उभ्या रेघेला) मिळते तिथे. वरची शिरोरेषा अखंड ठेवा.

रुंदीचा माझा हिशोब: सांधा दंडाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. प्रत्यक्ष कापायचा साचा असेल आणि अक्षर दोनेक इंच उंच असेल तर तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, शीट फाटते. प्रत्येक सुट्या तुकड्याला दोन सांधे द्या, समोरासमोर. एकावर तो झेंड्यासारखा फडफडतो. सगळ्या शब्दात सांध्यांचा कोन एकच ठेवा: सगळे उभे किंवा सगळे आडवे. एक तिरका, एक उभा असं झालं की काम साच्याचं वाटत नाही, चुकून तुटल्यासारखं वाटतं.

इंकस्केपमधला क्रम असा: शब्द टाइप करा, 'ऑब्जेक्ट टु पाथ' (अक्षरांच्या आकृत्या होतात), मग 'युनियन' (आकृत्या एकसंध होतात), आणि शेवटी पट्ट्यांचे चौकोन ठेवून 'डिफरन्स' (ते वजा होतात). 'युनियन' विसरू नका. देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, पडद्यावर ते दिसत नाही. प्लॉटरला (पात्याने शीट कापणाऱ्या मशीनला) मात्र दिसतं, आणि तो प्रत्येक जोडावर नसलेल्या रेघा कापत बसतो.

५. झीज चढवा, पण कारण ठरवून

रंग कशाने उडाला ते आधी ठरवा. पेटी दुसऱ्या पेटीवर सरकते, तेव्हा ती कडांना आणि खालच्या बाजूला झिजते. गोणपाटावर विणीची जाळी उमटते. होडीच्या फळीवर दोर घासतो तिथे आडवे पट्टे पडतात. ब्रशमधला रंग संपत आला की शब्दाचा शेवट फिका होतो. यातलं एक कारण निवडा. सगळी एकत्र केली की पोस्टर नुसतं मळकट दिसतं.

तयार झिजलेल्या फाँटची अडचण इथे कळते. त्यात प्रत्येक 'म'वर तोच ओरखडा असतो. 'मामा' लिहिलं की दोन्ही 'म' जुळे दिसतात, आणि आपल्या भाषेत काना प्रत्येक शब्दात, त्यामुळे तोच एक चरा सगळ्या ओळीत पुन्हा पुन्हा. शिवाय शिरोरेषेच्या जोडांवर दोन अक्षरांचे ओरखडे एकमेकांवर येऊन विचित्र गाठी पडतात. म्हणून झीज अक्षरात नको, पूर्ण शब्दावर एकदम चढवा.

पोत बाजारातून आणायची गरज नाही. जांभ्याच्या चिऱ्यावर पातळ कागद ठेवून वरून काळा खडू आडवा घासा. त्या दगडाची भोकं इतकी छान उमटतात की कुठल्याही पैसे देऊन घेतलेल्या टेक्श्चरला ती सर नाही. जुन्या होडीच्या फळीचा असाच ठसा घ्या. दुसरा मार्ग: शब्द लेझर प्रिंटरवर काढा, कागद चुरगाळा, पॉलिश पेपरने हलका घासा. दोन्ही ६०० डीपीआयला स्कॅन करा, करडा रंग काढून नुसतं काळं-पांढरं करा, आणि तो ठसा शब्दातून वजा करा.

किती? मी अक्षराच्या काळ्या भागापैकी दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे जात नाही. इंग्रजी शब्द तीस टक्के खरवडला तरी वाचता येतो, देवनागरीत मात्रा-वेलांट्या आधी जातात. आणि हे तीन सापळे:

'ब'च्या पोटातली तिरकी रेघ उडाली की 'व' राहतो. 'ष'ची उडाली की 'प'. या रेघांवरून झीज हाताने पुसून काढा.

शिरोरेषेच्या वर सुटा ठिपका ठेवू नका. तो अनुस्वार वाचला जातो. झिजेचा एक कण चुकीच्या जागी पडला की 'काजू'चा 'कांजू' होतो. उलटपक्षी 'आंबा'मधला अनुस्वार अर्धा उडाला तर 'आबा' उरतो, आणि ग्राहकाला वाटतं मालकाचं नाव असेल.

आकड्यांना हात लावू नका. ठळक वजनात १ आणि ९ आधीच जवळचे. भाव किंवा फोन नंबर खरवडला तर भांडण ठरलेलं.

६. साचा कापा आणि मारा

हाताने कापणार असाल तर पोटातले तुकडे आधी कापा, बाहेरची कड नंतर. उलट केलं तर शीट सैल पडते. प्लॉटरवर कापायचं तर गावातला रेडियमवाला कापून देतो. त्याच्याकडची चिकट शीट एकदा-दोनदा मारायला ठीक आहे, पुन्हा पुन्हा नाही. त्याला झिजेशिवायची फाइल द्या. हजारो कणांची फाइल प्लॉटरवर अर्ध्यात अडकते, आणि कण हाताने वेचायला बसावं लागतं.

लेझरवाल्याकडे गेलात तर शीट पीव्हीसीची नाही ना, हे विचारा. पीव्हीसी लेझरने जाळलं की क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, मशीनही गंजतं. चांगला लेझरवाला स्वतःच नकार देतो.

रंग मारताना ब्रश बुडवा, वर्तमानपत्रावर टेकवून जवळजवळ कोरडा करा, आणि उभा धरून ठोकत ठोकत मारा. ओढू नका. रंग जास्त झाला की सांध्याखाली शिरतो. चार-पाच पेट्या झाल्या की साचा मागून पुसून घ्या. असा कोरडा ब्रश मारला की खरी झीज आपोआप मिळते, कॉम्प्युटरवर वेगळी करावी लागत नाही. पेटीला नेहमी बाहेरच्या बाजूनेच मारा, आणि रंग पूर्ण वाळून वास गेल्यावरच आंबा भरा.

जांभ्याच्या उघड्या भिंतीवर थेट साचा चालत नाही. भोकांतून रंग पसरतो, मात्रा बुजतात. तेवढ्या पट्ट्यापुरतं गुळगुळीत गिलावा करून वर चुना किंवा प्रायमर मारा. आणि हे काम जून ते सप्टेंबरमध्ये काढू नका. हवेत इतकं पाणी असतं की ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो.

बाहेरच्या पाटीसाठी माझं मत ठाम आहे: सांधे द्या, झीज देऊ नका. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि खारा वारा ते काम फुकटात करतात. तुम्ही आधीच खरवडलेली पाटी दोन पावसाळ्यांत वाचायची राहत नाही.

उंचीचा हिशोब पाट्या रंगवणारे वापरतात तोच: दर दहा फूट अंतराला एक इंच अक्षर. महामार्गावरून शंभर फुटांवर दिसायचं तर दहा इंच. ही उंची शिरोरेषेपासून खालच्या कडेपर्यंतची धरा. मात्रा आणि उकार त्याच्या वर-खाली. आमच्याकडचे दुकानदार एवढंच म्हणतात, "लांबसून दिसाक व्हया", आणि त्यांचं बरोबर आहे.

७. टी-शर्ट आणि बॅनर

कबड्डी, क्रिकेट, शिमगा यांच्या टी-शर्टवर ही अक्षरं उठून दिसतात. स्क्रीन प्रिंटिंगला एकच रंग पुरतो, खर्च कमी. मात्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक कण जाळीत बुजतात किंवा पहिल्या धुण्यात जातात, ते आधीच काढून टाका. गडद कापडावर पांढरी शाई असेल तर झीज अजून कमी ठेवा, शाई पसरून भोकं लहान होतात.

फ्लेक्सवर मागे फोटो, पुढाऱ्यांचे चेहरे आणि त्यावर झिजलेली अक्षरं असा घाट घालू नका. ही अक्षरं सपाट रंगावर जगतात. शीर्षकाला दोन-तीन शब्द या वळणात. तारीख, वेळ, ठिकाण, बक्षिसाची रक्कम साध्या फाँटमध्ये.

८. कुठे वापरायची नाहीत, आणि कागदपत्रं कोणती

होडीच्या नोंदणी क्रमांकावर ही हौस करू नका. तो गस्तीच्या बोटीवरून वाचता आला पाहिजे.

सरबत, आंबापोळी, काजूच्या पाकिटावर नाव या अक्षरात चालेल. निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाची तारीख, घटक आणि चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक साध्या, अखंड अक्षरातच.

दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत हवं, आणि सोबत इंग्रजी असेल तर मराठी अक्षरं त्याहून लहान नकोत. २०२२च्या दुरुस्तीनंतर हे छोट्या दुकानांनाही लागू आहे. इंग्रजी स्टेन्सिल मोठं आणि खाली बारीक मराठी अशी फॅशनेबल पाटी करून घेतलीत तर ती उतरवावी लागेल.

पेटीवर 'हापूस' लिहिण्याआधी: २०१८ साली या आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. मानांकनाचा वापर करायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. बागेचा सातबारा आणि ओळखपत्र तयार ठेवा. बाहेरच्या आंब्यावर 'देवगड'चा छापा मारायला कोणी सांगितलं तर काम घेऊ नका. साचा तुमच्या हातचा असतो.

स्वतःचा मार्का करत असाल तर ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर ते नाव आधीच कोणाचं नाही ना, हे साचा कापण्याआधी बघा.

९. छापखान्याला काय द्यायचं

तीन फाइली, वेगवेगळ्या नावांनी: सांध्यांसह स्वच्छ (कापण्यासाठी), झिजेसह (छपाईसाठी), आणि मजकूर अजून टाइप करता येतो अशी मूळ फाइल. पहिल्या दोनमध्ये अक्षरं पाथमध्ये बदललेली असावीत, नाहीतर छापखान्याच्या कॉम्प्युटरवर फाँट नसला की तिथला दुसरा फाँट बसतो आणि तुमचे सांधे हवेत राहतात. पीडीएफ द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाली तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. फोटो दाबला जातो आणि झिजेचे कण करडे होतात.

पूर्ण छपाईआधी एक नमुना खऱ्या मापात काढून भिंतीला लावा, आणि ज्याला शब्द माहीत नाही अशा माणसाला लांबून वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथली झीज पुसा. सांधा मात्र हलवू नका. तो हलवलात तर कापायची फाइलही बदलावी लागते.